खालची रेघ

न्यू हेवन, फेब्रुवारी. बाळंतिणींचा वॉर्ड.
सात नंबरची कॉन्चेत्ता यानुत्सी
भिंतीकडे तोंड करून पडलेली.
दुखत असणार, असं मीच ठरवलं,
गोळी आणली, पाणी आणलं.
पाणी ती प्यायली. गोळी तशीच मुठीत.

दारात मिस टिबेट्स.
"दिसलं ते खरंच दिसलं तुला," म्हणाल्या,
"पण त्याचा अर्थ तिला विचारलास?"

मग खुर्ची ओढून बसले.
हातांचं काय करावं कळेना, मांडीवर ठेवले.
रेडिएटर खडखडत राहिला.
बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
तिकडे कुणाचंही बाळ रडलं
की माझंच वाटतं.
आणि मला तर उठायची बंदी.

बाळं काचेआड, चार तासांनी एकदा, हा नियम.
तो मोडायची माझी छाती नव्हती.
पण पाय होते.
गेले, पाहिलं, परत आले:
झोपलाय. डावी मूठ गालाखाली.
पुन्हा रडणं, पुन्हा गेले.
तिसऱ्या खेपेला विचारलं, "आता बरं वाटतंय?"

उत्तर नाही.
तोंड दाराकडे वळलेलं, श्वास संथ,
गोळी उशीवर, घामानं जराशी विरघळलेली.

तक्त्यावर लिहिलं: वेदना नाही. औषध दिलं नाही.
खालची रेघ
बराच वेळ पेन धरून
रिकामी ठेवली.