आडवा दोर

पहाटे पावणेसहाला रायबंदरच्या धक्क्यावर
पुनाजी दोर आडवा लावतो,
नेमका माझ्या स्कूटरच्या चाकापुढे.
"बाय, आतां जागो ना."
मला फेरीबोटीत एका स्कूटरपुरती जागा दिसते आहे.
पुनाजीला दिसतं पाणी,
काठापासून किती बोटं उरलंय ते.

रात्रभर पाटोवर मीही हेच केलं.
काचेच्या धाग्यांतून उजेड धावत होता,
आणि दोन वाजून दहा मिनिटांनी
धारगळला कुणाच्या तरी जेसीबीने केबल तोडली.
दोन वाटांची गर्दी एका वाटेवर आली.

मिनेझिस सर फोनवर, अर्धे झोपेत:
बफर दुप्पट कर. काही गळता कामा नये.
केला.
एकही पॅकेट गळलं नाही.
एकही वेळेवर पोचलं नाही.

तेव्हा मला हा धक्का आठवला.
गेल्या वर्षी खात्याने गाड्या थांबायची जागा वाढवली,
नारळ फोडला, फीत कापली,
बोट तेवढीच राहिली.
पूर्वी रांग कपेलापर्यंत आली की
शेवटचा गाडीवाला बघूनच परत फिरायचा,
वाटेत भेटेल त्याला हात हलवून सांगायचा,
नका येऊ इतक्यात.
आता सगळे आत येतात, इंजिन बंद करतात,
टोपलीतल्या बांगड्याचे डोळे लाल होईपर्यंत
कुणी कुणाला काही सांगत नाही.

मी बफर लहान केला. होता त्याहून लहान.
रांग भरायच्या आधीच
काही पॅकेटं उचलून टाकू लागले, मुद्दाम.
जे हरवतं तोच निरोप:
पाठवणारा थबकतो, वेग अर्ध्यावर आणतो,
मग चाचपत, एकेक पाऊल, पुन्हा वाढवतो.
साडेतीनपर्यंत आलेख हिरवे झाले.
मी चहा घेतला. तो गोड लागला नाही.

कारण आपोलिनामावशीचा रुझार तारवावर आहे,
त्याची पाळी आपल्या अडीचला संपते,
तेव्हाच तो फोन करतो.
मी टाकलेल्या एखाद्या तुकड्यात
त्याच्या हनुवटीचा कोपरा असेल,
नाहीतर 'मांय'वरचा अनुस्वार.
फाइल असती तर पुन्हा पाठवली गेली असती.
बोलण्यातलं हरवलेलं कुणी परत पाठवत नाही,
उशिरा आलेला अनुस्वार लावायचा कुठे?

चोडणहून बोट परत आली.
मावशी उतरली, डोक्यावर तांबडी भाजी.
मी न विचारताच म्हणाली,
"काल रुझार हसता हसता अडकला गो,
तोंड उघडं, सगळे दात दिसत.
म्हटलं, राहा तसाच.
एरवी मेला एका जागी थांबतो कुठे?"

मी काही बोलले नाही.
मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.
पुनाजीने दोर सोडला,
आणि मोजू लागला.