डिझेलच्या वहीची मागची पानं

डिझेलच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती.
तिथे लिहिलं : पहिला दिवस, सा.
मग खोडलं.

सा म्हणजे सहाही भोकं बंद.
केसाएवढी फट राहिली तरी पत्रा किंचाळतो,
आणि पहिल्याच दिवशी किंचाळलेलं मूल
दुसऱ्या दिवशी खेकडे पकडायला जातं.
त्यात हुस्नाची बोटं,
सकाळभर बर्फातली कोळंबी सोलून
चहात बुडवलेल्या पावासारखी.

तर मग ध.
एक बोट, एक भोक, डावा हात.
सा सोडून धपासून? वाडीतले पेटीवाले
आडिवरेकर बुवा हसतील.
हसू देत. गावही याला पिपाणीच म्हणतं.

दुसरा दिवस : फुंकर.
अफ्रोझच्या घरी अजून चूल आहे,
त्याला फुंकणीची सवय.
असा मारतो की सूर वरच्या सप्तकात जाऊन बसतो,
माडावर चढलेल्या मांजरासारखा,
वर जाता येतं, उतरता येत नाही.
म्हणून चहा. कपातला चहा निववायचा,
साय हलता कामा नये.
तिसरा दिवस : पुन्हा चहा.
शुक्रवारी सुट्टी.

प्रत्येकाची वेगळी, नाहीतर एकाची सर्दी आठांना.
जाळ्याच्या नायलॉनची खूण बांधणे, लाल, निळी, पोपटी.
थुंकी झाडायला शिकवणे.
खाऱ्या हवेत पितळ कळकतं, खोबरेल लावणे, रोज.

मला शिकवलं ते फिटर डेक्लनने,
जहाजाच्या चिमणीच्या आडोशाला, ड्यूटी सुटल्यावर.
त्याच्याकडे वही नव्हती.
एकच शब्द होता, ऐक.
मी चुकलो की ऐक. बरोबर आलं, तरी ऐक.
चौदा महिन्यांनी तो रॉटरडॅमला उतरला
तेव्हा मला अडीच चाली येत होत्या.
उरलेली अर्धी
अजून नाट्याच्या खाडीवर शोधतो, संध्याकाळी,
कुत्री भुंकायच्या आत.

इथवर लिहिलं आणि हुस्ना आली,
आईने दिलेले बांगडे घेऊन.
ओले हात परकराला पुसले,
न विचारता टेबलावरची उचलली,
सहाही भोकांवर बोटं ठेवली
आणि फुंकलं, जेमतेम.

मऊ पडलेली बोटं
बूच बसावं तशी बसली होती.

खालचा सा.
जाड, थोडा ओला,
धुक्यात लांबून येणाऱ्या भोंग्यासारखा.
तिने दचकून शिट्टी खाली ठेवली.
"चुकला काय, चाचा?"

मी म्हणालो, बांगडे फ्रीजमध्ये ठेव.

ती गेल्यावर वही पुढे ओढली.
खोडलेल्या सावर पुन्हा लिहायला जागा नव्हती,
शाई कागदाच्या पलीकडे,
गेल्या वर्षीच्या डिझेलपर्यंत उतरली होती.

बाकीचे सात जण उद्या चारला येणार.
साखर आहे.
दूध सांगायला हवं.