भाग सहावा

लोमेश गाडीतच म्हणाला, काका, उगाच चाललोय आपण.
तेच असणार. पुन्हा रेल्वे, पुन्हा पूल,
पुन्हा पाचव्यात मेलेल्याचा कुणी भाऊ.
शिळ्या कढीला ऊत.

मी काही बोललो नाही.
तापी येईपर्यंत खिडकीतून केळीच बघत होतो.
पिलबाग होती सगळी. आईचं खोड कापलेलं,
बुडाशी अजून ओलं,
आणि त्याच गड्ड्यातून वर आलेलं पील, पुरुषभर उंच.
घड उतरला की व्यापारी आधी हेच विचारतो,
नवती की पिलबाग?
आणि भाव पाडतो, न चाखता.

मागच्या सीटवर मुबारक तडवी.
सावद्याच्या टॉकीजचं मशीन सव्वीस वर्षं त्याच्या हातात,
तिकिटाची खिडकी माझ्याकडे.
पहिला भाग आमच्याकडे चौदा आठवडे चालला.
भुसावळहून पेट्या आल्या तेव्हाच फिल्म झिजलेली.
डिझेल इंजिन आचका द्यायचं, फिल्म तुटायची,
मुबारक ब्लेडनं कापायचा, चिकटवायचा,
तुकडा तेलाच्या रिकाम्या डब्यात.
रोज थोडा आखूड होत गेला सिनेमा.
शेवटी शेवटी तर खलनायक जिन्याला पाय लावायचा
आणि वरच पोचलेला असायचा.
पोरं त्यालाही शिट्ट्या मारत.

त्यातलं एक वाक्य गावाला पाठ झालं.
उंबऱ्यावर थांबून तो आईला म्हणतो,
"कडी लावू नको, आई. मी येतो."
फैजपूरच्या बसमध्ये चढताना पोरं म्हणत,
दिल्लीला केळीचा ट्रक काढताना ओंकार ड्रायव्हर म्हणायचा,
ज्याची बायको कडी काय,
कुलूप लावून माहेरी गेलेली.

दुसऱ्या भागात तो उंबऱ्यावर आला की
अख्खं थेटर ओरडायचं. तिसऱ्यात तेच, चौथ्यात तेच.
पडदा काय म्हणाला, कुणी ऐकलंच नाही.
पाचवा आम्हाला दिसलाच नाही,
तोवर टॉकीजमध्ये केळी पिकवायच्या खोल्या झाल्या होत्या.

जळगावला खुर्च्या मऊ. गारठा असा
की मुबारकनं कानाला रुमाल बांधला.
रेल्वे आली. पूल आला. भाऊ आला.
लोमेश माझ्याकडे बघून भुवया उडवत होता
आणि खरं सांगायचं तर पोरगं चुकत नव्हतं,
मध्यंतराआधीच मला पुढचं सगळं ठाऊक.
त्याची हनुवटी सुटलेली,
उड्या कुणी दुसराच मारत होता,
आई झालेली बाई नवी होती.

मग उंबरा.
आत आम्ही धरून अकरा माणसं. कुणी ओरडलं नाही.
"कडी लावू नको, आई. मी परत येतो."

परत.

मी मुबारककडे पाहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता.
उजव्या हाताची वीत उघडून
तिच्याकडे बघत बसला होता.
एवढीच होती रे भो, म्हणाला. वीतभर फिल्म.
दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, सहाच्या खेळाला.

म्हणजे तीस वर्षं आम्ही ऐकलं ते नुसतं निघणं.
येतो तर आपल्याकडे जाणारे सगळेच म्हणतात,
सरणावरच्याच्या तोंडीसुद्धा
लोक तेच घालतात.
म्हणून का दर भागात तो दारात उभा राहिला
की सावद्यात बाया पदर डोळ्याला लावायच्या,
आणि भुसावळात, जिथं मशीन धड होतं,
नुसत्या टाळ्या पडायच्या?

परतीच्या वाटेवर लोमेशनं विचारलं,
मग, काका? तेच होतं ना?
हो, म्हटलं, तेच होतं.
आणि काच खाली केली.
अंधारात केळीचा वास येत होता,
नवती की पिलबाग, वासावरून कळत नाही.

मुबारक गल्लीच्या तोंडाशी उतरला.
येतो, म्हणाला,
आणि काठी गाडीतच विसरला.