समईचं वजन

शुक्रवारी पहाटेच्या बसने डिचोलीहून
नऊ समया जुन्या लुगड्यांत गुंडाळून
मी म्हापशाच्या बाजारात आणते.
गिऱ्हाईक काय बघतं ते मला पाठ आहे.
आधी टिचकी,
मग एका हाताने उचलणं,
मग सोबतच्या बाईकडे बघून,
"हलकी आसा."

चोची कुणी बघत नाही.
त्या पाच चोचींसाठी बाबा
कानस घेऊन दोन-दोन दिवस बसतात.
उतार असा, की तेल वातीपर्यंत येतं
आणि तिथूनच मागे फिरतं,
खांबावर एक ओघळ उतरत नाही.
पण हे कळायला अख्खी रात्र लागते
आणि बाजार दुपारी उठतो.

पलीकडे दयाकर बाहेरचा माल मांडतो,
आरशासारखा, ठोकळ्यासारखा.
त्याच्याकडे सुट्टे पैसे संपतात.

मे महिन्यात, बाबांना न विचारता,
मी पायाच्या पोकळीत शापोऱ्याची वाळू भरली,
वरून लाख ओतली,
किंमत दोनशेने वाढवली.
नऊच्या नऊ गेल्या. चहा प्यायलाही उसंत नाही.

दहावी घरी राहिली होती.
बाबांनी ती उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली.
रात्री खाली वर्तमानपत्र पसरून पेटवली.
पहाटे तो कागद माझ्यासमोर धरला.
कोरडा.
"समई माझी," म्हणाले, "वजन तुझं."

मग कितीतरी दिवस आमचं बोलणं
आमटी वाढण्यापुरतं.

चतुर्थीच्या आधी पिळगावच्या सुरंगाबाय आल्या,
तरातरा, छत्री न मिटताच.
मला वाटलं, लाख सुटली, वाळू सांडली,
आता भर बाजारात काढणार ही माझी.
"तसलीच आणखी एक दे गो," म्हणाल्या.
"आमचं मांजर रोज अंग घासतं तिला.
जुनी दोनदा आडवी झाली, गालिचा जळला.
ही हलत नाही."
आणि तेल? गळतं का?
"तेल?" त्या जरा थांबल्या.
"खरंच की. यंदा पाट पुसल्याचं आठवत नाही."

घरी मी सगळं जसंच्या तसं सांगितलं,
मांजरासकट.
बाबांनी कानस बाजूला ठेवली.
जमिनीवर खडूने पायाचा गोल काढला,
त्याच्याबाहेर दोन बोटं सोडून दुसरा.
बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत राहिले.
"एवढं पितळ जास्त लागेल. वाळू काढ."

मी उठले, तेव्हा पाठमोरेच म्हणाले,
"दोनशे मात्र राहू देत."