भाडेकरू

आमच्या डोंगरावर केवड्याच्या कुळातलं एक झाड आहे,
वाकुआ म्हणतो आम्ही त्याला.
पानांच्या कडांना करवतीचे दात,
आणि पान जिथं खोडाला बिलगतं
तिथं खाचेत पाणी साठतं,
दोन चमचे, फार तर तीन.

तेवढ्यात एक बेडकी राहते.
अंगठ्याच्या पेरावर मावेल एवढी,
पिकत आलेल्या लिंबाच्या रंगाची.
अंडी तिथंच, शेपटीवाली पोरंही तिथंच,
मरणही बहुधा तिथंच.
विहिरीतल्या बेडकाला नावं ठेवणाऱ्यांनी
हिच्याकडे येऊ नये.
हिला विहीर म्हणजे परदेश.

रात्री मी पाहुण्यांना घेऊन रानात हिंडतो,
कपाळावर दिवा, हातात वही.
आवाज मोजायचे.
नखावर नख आपटावं तसा टिक्,
मग बराच वेळ काहीच नाही,
मग टिक् टिक्.
वहीत तिचं लॅटिन नाव आहे,
तिच्याहून लांब.

आई वही वाचत नाही.
माझी आई, झाफिसोआ, वाकुआच्या चटया विणते.
पान कापण्याआधी बुडाशी बोटानं दाबते,
आत पाणी हललं
की कोयता खाली.

यंदा पलीकडचा उतार भातासाठी जाळला.
जाळणारा माझा मामाच, तोंबोझाफी.
त्याच्या घरी खाणारी तोंडं सात.
मी काय बोलणार?
आम्ही वाळत घातलेल्या पानांवर
दोन दिवस राख पडत होती.
तिसऱ्या रात्री त्या बाजूला कान लावून बसलो,
पहाट झाली.
वहीत शून्य लिहायचं होतं.
ते पान कोरंच ठेवलं.

बाजारात व्यापाऱ्यानं चटई वितीनं मोजली.
"हातभर आखूड आहे, झाफिसोआ. पानं संपली का रानातली?"
"पानं आहेत," आई म्हणाली,
"पण त्यात भाडेकरू आहेत."
तो खूप हसला
आणि हसता हसताच पैसे कापले.

घरी येऊन तिनं
भांड्याच्या बुडाशी करपलेल्या भाताचं गरम पाणी प्यायलं,
पाय लांब केले.
आताशा तिला कमी ऐकू येतं.
दिवा विझवला की अंधारातून विचारते,
"बोलली का रे?"

मी हो म्हणतो.
बहुतेक वेळा
ते खरंही असतं.