चौतीस डी, चौतीस ई

पार्ल्याला आमच्या गच्चीवरून
रात्रीची विमानं इतकी खालून जातात
की ओजस चाकं मोजतो.
सानिका सांगते, हे दुबईचं,
हे कुठल्या तरी थंड गावचं.
बारा वर्षं आम्ही बोलता बोलता थांबतो,
विमान जाऊ देतो,
आणि वाक्य जिथं टाकलं तिथून उचलतो.
भांडणंसुद्धा.

आज कुणाचं तरी वाक्य आम्ही तोडणार होतो.

ठरलं होतं ते असं:
पावणेतीनला गच्चीवरून टॉर्च,
तीनदा लावायचा, तीनदा विझवायचा.
कुंदाताई म्हणाल्या, गजर लावते, निघा तुम्ही.
त्यांच्या कपाटात, इरकलीच्या घडीखाली,
मी एक पाकीट ठेवून आलेय.
विम्याचे कागद, लॉकरची किल्ली,
आणि एक चिठ्ठी,
जी ‘काही झालं तर’पासून सुरू झाली
आणि घसरत घसरत इथवर आली:
सानिका दिवा लावून झोपते, तिला हसू नका.
ओजसच्या डब्यात दाण्याचं कूट चुकूनही नको.
दूधवाल्याचे अठ्ठेचाळीस रुपये राहिलेत.

हेरंब एकदा म्हणाला होता,
वेगवेगळ्या विमानांनी जाऊ या का?
हसत म्हणाला होता.
नंतर त्याच्या मोबाइलवर मला
दोन तारखांची तिकिटं उघडी दिसली.
मी काही बोलले नाही, पुऱ्या तळत राहिले.

आम्हाला जागा मिळाली मधल्या रांगेत.
खिडकी म्हणजे
तीन अनोळखी माणसांपलीकडचा
एक काळा घास.
मी मान लांब केली, पट्टा काचला,
पलीकडच्या बाईंना वाटलं मला मळमळतंय,
त्यांनी कागदी पिशवी पुढे केली.
तेवढ्यात जमीन सुटली.
हेरंबनं माझं मनगट धरलं.
हात नव्हे, मनगट,
एस. व्ही. रोड ओलांडताना ओजसचं धरतो तसं.

मग खूप वेळ कुणी ‘आई’ म्हणालं नाही.

पहाटे चारला जेवण आलं.
मी सवयीनं त्याच्या पावाचे तुकडे केले,
त्यानं सवयीनं माझ्या ताटातला कांदा वेचला.
‘ओजसचे बूट लहान झालेत.’
‘हं.’
‘सानिकाला चष्मा लागणार बहुतेक.’
‘हं.’
एवढ्यात आमचं बोलणं संपलं
आणि अजून आठ तास होते.

समोरच्या नकाशावर
विमान अख्ख्या मुंबईपेक्षा मोठं होतं.
केव्हाचे निघालो होतो,
तरी शेपटी अजून पार्ल्यावरच.

तो झोपला, तोंड उघडं टाकून.
त्याच्या कानाशी एक पांढरा केस आहे,
लांब, एकटाच,
केव्हा उगवला कुणास ठाऊक.
मी तो उपटला नाही.
चोरून बघतात तसं बघत राहिले,
लग्न ठरवताना त्याच्या मावशीच्या घरी
पडद्याआडून पाहिलं होतं, साधारण तितकाच वेळ.

उतरल्यावर फोन लागला.
ओजसचा पहिला प्रश्न, दिसला का टॉर्च?
दिसला की, मी म्हटलं. तीनदा.
पलीकडे जरासं थांबणं.
आमच्यावरून कुणी जात असावं.
मग तो म्हणाला, हो. तीनदाच लावला.

नंतर कुंदाताई. स्वयंपाकघरात जाऊन, हळू आवाजात:
गजर झाला गं, पण उठवावंसं वाटेना.
गाढ झोपली होती दोघं,
तिचा दिवासुद्धा मी मालवला, कळलं नाही तिला.

सामानाच्या पट्ट्याजवळ हेरंब उभा होता,
दुसऱ्या कुणाची तरी निळी बॅग उचलून
परत ठेवत होता.
काय म्हणाला रे आपला?
म्हणजे, त्यानंच विचारलं हे, मला.
म्हणाला, दिसलो आपण.