आठ भोकं, बारा भोकं

पंपहाऊसच्या ओट्यावर नथ्थू कुमरेंनी
आठ इंची व्हॉल्व्ह उताणा ठेवला
आणि खडूनं भोकं मोजली. आठ.
पाइपाच्या फ्लँजला बारा.

"चार जुळतात की," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.
आणि खरंच जुळत होती,
वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.
तोंड तेवढंच. रंगही तोच निळा.

मी आयटीआयहून आलेली, दुसरा महिना.
मला वाटलं, चार तर चार.
संध्याकाळी पाणी सोडायचं होतं,
वर गावात मंडप पडला होता,
बँडवाल्याला विसार दिलेला.

काकांनी अंगठ्यानं व्हॉल्व्हच्या पाठीवरची धूळ सारली.
ओतीव अक्षरं: पीएन दहा.
लोखंड इतकं तापलेलं की अंगठा झटकला.

वर्गात सरांनी तक्ता लिहिला होता,
उष्णता चढते तशी फ्लँजची सोसण्याची ताकद उतरते.
तक्ता अडतीस अंशांपासून सुरू.
आम्ही हसलो होतो.
मे महिन्यात घाटंजीत अडतीस म्हणजे गारवा.
सर म्हणाले, ते वाफेच्या लाईनसाठी रे,
तुमच्यासाठी नाही.

काका टेकडीकडे बघत होते.
टाकी तिथं, मोहाच्या झाडांच्याही वर.
"किती उंच हाय, पोरी?"
एकशेवीस मीटर. नकाशात आहे.
"दहा मीटर पाणी उभं केलं का एक किलो.
म्हंजे बारा किलो इथं येऊन बसते.
पंप बंद असला तरी बसते.
तू झोपली तरी.
अन् पंप झटक्यानं बंद झाला,
तं बाराचे किती होते, ते मले नको इचारू."

"बाकी सगळं सोळाचं आहे, काका.
एकच तर दहाचा."

"मंग सारी लाईनच दहाची."

त्या संध्याकाळी पाणी सुटलं नाही.
बँड वाजला, कारण विसार दिलेला.
आणखी पाच दिवस टँकर आला
आणि रांगेतल्या बायांनी आम्हाला शिव्या घातल्या,
मला नाव घेऊन.

सहाव्या दिवशी बारा भोकांचा आला.
एक बोल्ट, मग त्याच्या समोरचा,
मग आडवा, मग त्याच्या समोरचा,
कुणालाच आधी पुरतं आवळायचं नाही.
माझे हात कोपरापर्यंत भरून आले.

रात्री गेजचा काटा बारावर थरथरून थांबला.
काका बाजेवर, तोंडावर दुपट्टा.
मी गॅस्केटच्या कडेनं बोट फिरवलं,
पूर्ण एक फेरी.
कोरडं.
पुन्हा एक फिरवली.